नानांचा चालता बांध

नाना चोर होते. हे वाक्य मी जपून लिहिलेलं नाही. जपून लिहायची मला सवय नाही. आता ते या जगात नाहीत म्हणून मला धीर आला, असंही कुणी समजू नये. ते समोर खुरपं घेऊन बसलेले असतानाही मी त्यांना हे तोंडावर सांगत होते, आणि ते मान वर न करता म्हणायचे, "व्हय. मंग?" या ‘मंग’पुढे माझं सगळं अडायचं. चोर म्हटल्यावर ज्याला रागच येत नाही, त्याच्याविरुद्ध पत्रक तरी कसं काढणार?

ते जमीन चोरायचे. फक्त जमीन. बागेत कुणी टॉवेल विसरून गेलं तर नाना तो घरी नेऊन, धुऊन, घडी करून परत आणून द्यायचे. कुणाच्या वेलीवरची काकडी त्यांनी कधी तोडली नाही. पण शेजाऱ्याची बोटभर माती समोर दिसली की त्यांचा हात राहायचा नाही.

आमच्या सिडकोतल्या कॉलनीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. पूर्वी तिथं कचरा, डुकरं आणि एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक असायचे. कॉलनीतल्या काही जणांनी खटपट करून ती साफ केली, सिडकोच्या ऑफिसातून परवानगी आणली, वाफे पाडले आणि वर्षाच्या भाड्यानं लोकांना द्यायला सुरुवात केली. दोन खाटा शेजारी टाकल्या तर जेवढी जागा होईल तेवढा एक वाफा. दोन वाफ्यांच्या मध्ये मातीचा वीतभर रुंद बांध. पाणी बोअरचं, तेही तिच्या मर्जीनं. ‘ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं कोथिंबीर पिकवणं ही राजकीय भूमिका आहे,’ असं मी माझ्या पत्रकात लिहिलं होतं. वाफा मी त्या भूमिकेसाठी घेतला. मेथी आणि तण यांतला फरक मला त्या वेळी कळत नव्हता, पण भूमिका पक्की होती.

माझ्या शेजारचा वाफा नानांचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू काय करती पोरी?"

मी म्हटलं, "शहरातल्या मोकळ्या जागा वाचवण्यासाठी काम करते. अतिक्रमणाविरुद्ध."

"म्हंजी पुढारीण हाय," नाना म्हणाले. "बरं झालं. शेजार चांगला भेटला." आणि त्यांनी बांधाकडे असं पाहिलं, जसं गिऱ्हाईक दुकानातल्या खरबुजाकडे पाहतं.

दिवाळीपर्यंत माझा वाफा चिंचोळा दिसायला लागला होता. आधी मला वाटलं, मेथी वाढली म्हणून तसं दिसतंय. मग एका सकाळी लवकर गेले, तर नाना उकिडवे बसून कामाला लागलेले. त्यांची रीत अशी होती: बांध आपल्या बाजूनं खुरप्यानं हळूच कोरायचा, आणि सुटलेली माती बांधाच्या पलीकडे, म्हणजे माझ्या बाजूला, हातानं थापायची. वरून पाण्याचा हबका मारायचा. बांध होता तेवढाच रुंद राहतो, तेवढाच सरळ राहतो, फक्त तो बोटभर पुढं गेलेला असतो. पाहणाऱ्याला काही कळत नाही. नानांचा बांध असा चालत चालत माझ्या मेथीपर्यंत आला होता.

"नाना, हे अतिक्रमण आहे!" मी ओरडले.

"व्हय. मंग?"

मी बागेचा कारभार बघणाऱ्या समितीला सविस्तर निवेदन दिलं. त्यावर सेक्रेटरी काकांनी ‘योग्य ती नोंद घेतली आहे’ असं तोंडी कळवलं. मी दुसरं निवेदन दिलं, जरा कडक भाषेत. बांध आणखी एक बोट पुढं आला.

नानांच्या पलीकडचा वाफा नसरीन आपांचा. आपांनी उभी हयात शाळेत पोरींना शिवण शिकवलं, त्यामुळे त्यांची नजर दोऱ्यासारखी सरळ. त्यांच्या वाफ्यात पुदिना आणि अंबाडी. नाना त्यांचाही बांध कोरायचे. माणसामाणसांत भेद करण्याचा आरोप मी त्यांच्यावर करणार नाही. पण आपांचा वाफा कधीच लहान झाला नाही. कारण नाना दुपारी घरी जाऊन झोपले की आपा यायच्या आणि तोच बांध, त्याच रीतीनं, उलट्या दिशेला चालवून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी नाना तो बघून म्हणायचे, "आपा, माती सरकलेली दिसती." आपा म्हणायच्या, "हौ नानाभाई, हवा बहोत थी कल." वर्षानुवर्षं दोघांचं हे चाललं होतं आणि बांध जिथल्या तिथं होता.

"तू निवेदन कायकू लिखती?" आपांनी मला एकदा हळूच विचारलं. "खुरपं नाही का तुझ्याकडे?"

मी त्यांना सांगितलं की चोरीला चोरीनं उत्तर देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. आपांनी माझ्या वाफ्याच्या रुंदीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हौ, वो दिख रहा."

सगळ्यात संतापजनक गोष्ट पुढंच आहे. चोरलेल्या पट्टीवर नानांनी कधीही काही लावलं नाही. त्यांची थोडीशी वांगी वाफ्याच्या मधोमध असायची, निम्मी किडकी, आणि तीही ते बागेत येईल त्याच्या पिशवीत घालून मोकळे व्हायचे. बांधाकडेची ती हडपलेली माती तशीच मोकळी. मी विचारलं, "लावायचं काही नाही, तर घेता कशाला?" नाना म्हणाले, "आधी ताबा. पिकाचं मागून बघू." हे वाक्य मी शहरातल्या प्रत्येक अतिक्रमण करणाऱ्याच्या तोंडून वेगवेगळ्या शब्दांत ऐकलेलं होतं. इतक्या प्रामाणिकपणे मात्र कुणी म्हटलं नव्हतं.

नानांना हे व्यसन कुठून लागलं, ते त्यांनीच सांगितलं. बोअर बंद पडली होती आणि आम्ही टाकीच्या कट्ट्यावर पाण्याची वाट बघत बसलो होतो. चिकलठाण्याच्या पुढं त्यांचं आणि धाकट्या भावाचं शेत होतं, एकाला लागून एक. मधे बांध. कधी हा कोरायचा, कधी तो. त्यावरून दोघांची डोकी फुटली, आणि शेवटी प्रकरण कोर्टात गेलं.

"तारखेला जायचो ना," नाना म्हणाले, "तर सायकल एकच. मी चालवायचो, धाकला मागं बसायचा. कोर्टासमोर भजे खायचो, एकाच पुड्यातले. मंग आत जाऊन एकमेकाच्या विरुद्ध जबानी द्यायची, अन् पुन्हा एकाच सायकलीवर घरी."

"मग कोण जिंकलं?"

"कंपनी."

दोन्ही शेतं कारखान्यासाठी गेली. बाहेरून एकच कंपाउंडची भिंत झाली. वकील म्हणाला, आता बांधच नाही तर वाद कशाचा? खटला मिटला. धाकटा भाऊ गंगापूरकडे सासरवाडीला जाऊन राहिला. नाना त्याच कंपनीच्या गेटवर नोकरीला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

"आमचा बांध कँटीनच्या खाली यायचा," नाना म्हणाले. "पोरं तिथं बसून चहा पेयची. त्यांना काय माहीत, दोन भावांच्या बरोबर मधी बसल्यात ते."

"आणि भाऊ?"

"तो कशाला येईल? भांडायला काय राह्यलं का?" नाना टाकीच्या कोरड्या नळाकडे बघत म्हणाले. "बांध म्हंजी भिंत नसती पोरी. भिंतीला कोण बोलतं?"

त्या दिवशी मला त्यांची जराशी कणव आली. दुसऱ्या दिवशी सकाळी बांध पुन्हा बोटभर पुढं आलेला होता, त्यामुळे ती फार टिकली नाही.

मग सभागृहाचं प्रकरण निघालं. ज्या पुढाऱ्याचे फलक पूर्वी त्या जागेवर लागायचे, त्याच्या मंडळानं अर्ज केला: ‘ही तथाकथित बाग केवळ कागदावर आहे, जागा पडीक आहे, सबब तिथं बहुउद्देशीय सभागृह बांधण्यास द्यावी.’ सांगताना जीभ जड होते, पण अर्जात तथ्य होतं. लोकांनी हौसेनं वाफे भाड्यानं घेतले, पहिल्या मुळ्याबरोबर फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि मग फिरकले नाहीत. निम्म्या वाफ्यांत गवत माजलं होतं. ऑफिसातून कळवण्यात आलं की रविवारी सकाळी साहेब प्रत्यक्ष पाहणी करतील. जागा वापरात दिसली तर बाग राहील, नाही दिसली तर परवानगी रद्द.

मी पेटून उठले. ‘मोकळी जागा कुणाच्या बापाची?’ अशा मथळ्याचं पत्रक रात्रीत लिहिलं आणि कॉलनीतल्या घराघरांत दिलं. ‘उठा, जागे व्हा, रविवारी वाफ्यावर या!’ लोकांनी ते आदरानं घेतलं. काहींनी तर ‘छान लिहिता तुम्ही’ असंही म्हटलं. हे वाक्य ऐकलं की मी समजते, कुणी येणार नाही.

नानांनी माझ्याकडून पत्रक घेतलं, त्याचा द्रोण केला आणि त्यात वांग्याचं बी ओतलं.

"नाना, बाग जाणार आहे! तुमचा वाफा जाणार आहे! तिथं पुन्हा भिंत येणार आहे!"

त्यांनी द्रोणाचं तोंड दुमडलं. "लई ओरडती तुही चिठ्ठी," मग ते म्हणाले. "पर ज्याचं काय गेलंच नाय, तो कशाला येईल?"

रविवारी मी फलक घेऊन गेले तेव्हा बागेत आपा होत्या, सेक्रेटरी काका होते आणि एक कुत्रं होतं. नाना आपल्या वांग्यांना पाणी घालत होते. मी फलकाची काठी मातीत रोवत होते, तेवढ्यात काकांचा फोन वाजायला लागला. मग माझा. ग्रुपवर पहाटेच कुणीतरी बागेचे फोटो टाकले होते, आणि खाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: ‘माझा वाफा कोणी कोरला?’

मी पाहिलं. आमच्या ओळीतला एकूण एक बांध चालला होता. गवतातून, मुळ्यातून, सुकलेल्या झेंडूतून, सगळे बांध आपली जागा सोडून बोटभर सरकून, ताज्या मातीनं लिंपून, सरळ उभे होते.

आणि दारं उघडली. वर्षभर न फिरकलेले लोक धावत आले. बँकेतले एक साहेब हाफ पँटवर टेप घेऊन आले. एक मॅडम गाऊनवर ओढणी टाकून आल्या आणि थेट शेजारणीवर तुटून पडल्या. ‘हे झेंडूचं खोड माझ्या हद्दीत होतं!’ ‘अहो, तुम्ही झेंडू लावला तरी होता का?’ खरं तर प्रत्येकाचा एका बाजूनं बोटभर गेला होता आणि दुसऱ्या बाजूनं बोटभर आला होता. आलेल्याबद्दल एकानंही तक्रार केली नाही. सामूहिक मालकी या विषयावर माझं जे काही वाचन होतं, ते त्या सकाळी माझ्या काहीही उपयोगी पडलं नाही.

त्या गदारोळात पाहणीचे साहेब आले. सोबत मंडळाचा माणूस, हातात फाइल. तो म्हणाला, "साहेब, बघा, जागा पडीक..." आणि त्याला बाजूला व्हावं लागलं, कारण टेपवाले साहेब उलटे चालत मोजत येत होते.

साहेबांनी बूट काढले. बांधावर पाय ठेवला, वाकले, चिमूटभर माती उचलून पाहिली. "आमचं गाव गंगापूरजवळ," ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले. "माझ्या चुलत्याचा असा हात होता." मग त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती बरोबर नानांवर येऊन थांबली. नाना वांग्यांना पाणीच घालत होते.

साहेब ऊन चढेपर्यंत थांबले. त्यांनी वाद सोडवले, टेप धरला, एका आजींना त्यांचा मुळा परत मिळवून दिला. मंडळाच्या माणसानं पुन्हा फाइल पुढं केली तेव्हा ते म्हणाले, "पडीक जागेसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर जात नाहीत हो. जागा वापरात आहे. जरा जास्तच आहे."

बाग राहिली. लोकही यायला लागले, आपापल्या बांधावर नजर ठेवायला. राखणीला आलेला माणूस किती वेळ नुसता उभा राहील? तो हळूच वाकतो आणि गवत उपटतो.

मला अर्थातच पत्रक सुचलं. ‘एका वृद्ध शेतकऱ्याचा अभिनव लढा.’ कच्चा मजकूर मी नानांना वाचून दाखवला. त्यात ‘लोकशक्ती जागी करण्यासाठी त्यांनी जाणीवपूर्वक’ असे शब्द होते. नानांनी मला तिथंच थांबवलं.

"काय पूर्वक?"

"म्हणजे ठरवून. बाग वाचावी म्हणून तुम्ही बांध कोरलेत."

"येडी हाय का तू? मला जमीन पाहिजे होती म्हणून कोरला."

"नाना, सगळ्या ओळीचे कोरलेत. तुमची जमीन दोन्हीकडून बोटभरच वाढली."

"बोटभर म्हंजी जमीन नाय का?" ते चिडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. "खोटं छापू नको. सांगून ठेवतो."

मी पत्रक फाडलं. खरं काय होतं, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या आधी नानांची एक बाजू गेली. हात उचलेना, बोलणं जड झालं. मुलगा पुण्याला असतो. तो येऊन त्यांना घेऊन गेला. गाडीत बसवताना नानांनी चांगल्या हातानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आशीर्वाद देतील. ते म्हणाले, "बांधाकडं बघ."

मी अधूनमधून फोन करायची. मुलगा फोन त्यांच्या कानाला लावायचा. "नाना, जेवलात का?" पलीकडून नुसता श्वास. मुलगा म्हणायचा, "काही बोलत नाहीत हो. खातही नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात." उंच मजल्यावरचा फ्लॅट. चारी बाजूंनी भिंतीच.

एका सकाळी मी बागेतूनच फोन लावला होता. समोर नानांचा वाफा, शेजारी माझा, मधे तो बांध. त्या बांधाला मी हातही लावलेला नव्हता. लावायची इच्छा झाली नव्हती. पलीकडे श्वास. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, मी तुमचा बांध कोरला."

श्वास थांबला.

"किती?"

"चार बोटं."

मग पलीकडून जे आलं, ते छापण्याजोगं नाही. जड जिभेनं, अडखळत, पण एकही शिवी अर्धवट न सोडता. संध्याकाळी मुलाचा फोन आला: "तुम्ही बाबांना काय सांगितलंत? उठून बसलेत. भाकरी मागितली."

त्यानंतर मी दर फोनला थोडं थोडं कोरत गेले. कधी दोन बोटं, कधी वीत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अतिक्रमणाची जाहीर निंदा केलेली मी, तोंडी का होईना, एका आजारी माणसाची जमीन गिळत सुटले होते. आपा शेजारी बसून ऐकायच्या. "जादा नक्को घेऊ," त्या म्हणायच्या. "आधा वाफा गया उनका."

आणि मग एके दिवशी गंगापूरच्या जीपमधून उतरून एक म्हातारे गृहस्थ बागेत आले. पांढरी टोपी, हातात पिशवी, आणि कान थेट नानांचे.

"पुढारीणबाई कोण?"

मी पुढं झाले.

"दादाचा फोन आला," ते म्हणाले. "शेतं गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, काही बरंवाईट. तर म्हणतो, बांध कोरला. म्हटलं, आता इतक्या वर्षांनी माझ्यावर आळ घेतो का काय? तर म्हणला, नाय रं, तू नाय. एक पुढारीण हाय. जाऊन बघ. अन् गेलेली माती परत घे."

ते बांधापाशी गेले. उकिडवे बसले. नानांच्या बाजूनं पाहिलं, माझ्या बाजूनं पाहिलं, गवतावर हात फिरवला. त्या बांधाला कित्येक महिन्यांत कुणाचं खुरपं लागलेलं नव्हतं, हे त्यांना कळायला वेळ लागला नाही. उलट तो माझ्या वाफ्यात किती आत येऊन बसलाय, तेही दिसलं असणार.

"तुम्ही कोरला नाय," ते हळूच म्हणाले.

"नाही."

"मंग?"

तो ‘मंग’ अगदी तसाच होता. मी सगळं सांगितलं. धाकट्यांनी बोटांची माती झटकली. मग टोपी सारखी करून म्हणाले, "लावा फोन. तो चित्रवाला. दादाला बघायचंय."

मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर नाना आले. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे चकचकीत. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. कसा आहेस, बरा आहेस का, यातलं काही कुणी विचारलं नाही.

"कोरलाय का?" नानांनी विचारलं.

"कोरलाय दादा," धाकटे म्हणाले. "लईच कोरलाय. माणसं बेकार हायत इथली."

"घे परत."

धाकट्यांनी माझ्यापुढं हात केला. मी माझं खुरपं दिलं. त्यांनी बांधाच्या नानांकडच्या बाजूला खुरपं घातलं, सुटलेली माती उचलली आणि माझ्या बाजूनं थापली. मेथीची कोवळी ओळ तिच्याखाली गेली. मी तोंड उघडलं, तर आपांनी माझा दंड धरला. "चूप. तूनेच बोली ना?"

माझ्या डोळ्यांदेखत, दिवसाढवळ्या, माझी जमीन जात होती, आणि निवेदन नाही, निषेध नाही, उलट नानांना नीट दिसावं म्हणून मी फोन दोन्ही हातांनी धरून उभी होते.

"पुढारीणबाई, हलवू नको," नाना म्हणाले. मग धाकट्यांनी माती थापून पाण्याचा हबका मारला, मागं सरकून बांध सरळ आहे का पाहिलं, आणि खुरपं खाली ठेवायला गेले. पुण्याहून आवाज आला:

"धाकल्या, आणखी एक बोट घे."